शिरपूरची भिंत, स्मिता पाटील आणि चार रंग : ही कला की होर्डिंग?

तापीकाठचा_पंक्या
नमस्कार मंडळी. इथे चित्रकलेतले, सिनेमातले, वकिलीतले सगळेच लोक आहेत म्हणून विचारतोय. आमच्या शिरपूरच्या पोरापोरींच्या ग्रुपला मेन रोडला लागून एक भिंत मिळालीय, दोन मजली घराची बाजूची भिंत, मालकाने आनंदाने दिली. आमचं ठरलंय की स्मिता पाटील काढायची. तिचं घराणं इथलंच, वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे, आणि तरी आमच्या वयाच्या कितीतरी पोरांना ती आपली आहे हे माहीतच नाही. डोक्यात असं आहे की एकच चेहरा चार वेळा, चार भडक रंगात, अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलने मेरिलिन मन्रो ही हॉलिवूडची नटी केली होती तसा.

स्केच घेऊन ज्यांच्याकडे चित्रकला शिकलो त्या सरांकडे गेलो. ते म्हणाले, "हे होर्डिंग आहे बाळा. हिरोईनचा चेहरा काढलास की लोक हिरोईनला बघतात, तुझ्या कामाला कोण बघतंय?" मला ते फार लागलंय कारण उत्तर देता आलं नाही. तर प्रश्न असा, की फेमस माणूस घेऊन केलेली कला त्याच्या नावावरच चालते का? आणि तसं असेल तर जगातले एवढे मोठे कलाकार नटनट्या, ब्रँड, जाहिराती घेऊन का बसलेत? मनापासून सांगा, काम पावसाळ्याआधी सुरू करायचंय.

नंदुरबारी_मिरची
काढा भो बिनधास्त. शिरपूरला आलो की त्या भिंतीखाली चहा माझ्याकडून.

केळीवाला_रावेर
मी शेतकरी माणूस, पण या विषयात आमच्या रावेर-यावलवाल्यांना बोलायचा पहिला हक्क आहे. इटलीच्या मॉरिझिओ कॅटेलानने २०१९ ला मायामीच्या कलामेळ्यात एक केळं चंदेरी टेपने भिंतीला चिकटवलं आणि १ लाख २० हजार डॉलरला विकलं. तेच काम नोव्हेंबर २०२४ ला न्यूयॉर्कच्या लिलावात ६२ लाख डॉलरला गेलं, आपले ५० कोटींच्या वर. घेणारा क्रिप्टोवाला, त्याने हाँगकाँगला पत्रकार बोलावून सगळ्यांसमोर ते सोलून खाल्लं. आणि ज्याच्या गाडीवरून केळं आणलं तो बांगलादेशातून आलेला ७४ वर्षांचा माणूस, त्याने ३५ सेंटला दिलं होतं. पत्रकाराने जाऊन त्याला लिलावाची किंमत सांगितली तर तो रडला.

बातमी वाचली तेव्हा आमच्या बागेत माल कापणं चालू होतं आणि मला त्या म्हाताऱ्याचंच वाईट वाटलं. जळगावच्या केळीला २०१६ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, आम्ही करपा, वादळ, भाव सगळं झेलून घड उभा करतो. नाव कोणाचं झालं, तर टेप लावणाऱ्याचं. त्यामुळे पंक्याच्या सरांचं मला पटतं, तिथे प्रसिद्धीच विकली जाते.

ड्रॉइंगसर_पाचोरा
रावेरवाले भाऊ, तुमचं वाईट वाटणं खरं आहे. पण त्या व्यवहारात केळं विकलं गेलंच नाही. घेणाऱ्याला सर्टिफिकेट मिळतं आणि लावायचं कसं त्याच्या सूचना, जमिनीपासून १७५ सेंमी उंचीवर, खराब झालं की दुसरं आणायचं. केळं कोणतंही चालतं, नाव मात्र कॅटेलानचंच लागतं, आणि बाजार असा चालतो हे त्याने सगळ्यांच्या डोळ्यासमोर मांडून ठेवलं. तुम्हाला जो राग आला तोच त्या कामाचा विषय आहे असं मी मुलांना सांगतो.

आता पंक्या, तुझ्याकडे येतो. वॉरहॉलची मेरिलिन तू टी-शर्टवर किंवा नेटवर पाहिली असशील. त्याचं १९६२ चं मोठं काम बघ, लंडनच्या टेट या संग्रहालयात आहे. त्यात ५० चेहरे आहेत. डावीकडे २५ भडक रंगात, उजवीकडे २५ काळ्या शाईत, आणि काळ्या भागात कुठे शाई जास्त होऊन चेहरा बरबटलाय, तर कुठे पुसट होत होत जवळजवळ गेलाय. मेरिलिन त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारली होती, ३६ व्या वर्षी. १९५३ च्या 'नायगारा' सिनेमाच्या प्रसिद्धीसाठी काढलेला फोटो त्याने घेतला आणि सिल्कस्क्रीनने, म्हणजे आपल्याकडे लग्नपत्रिका आणि कापडी पिशव्या छापतात त्याच पद्धतीने, परत परत छापला. इतका छापला की बाई हरवते आणि छाप उरतो. तर माझा तुला प्रश्न, चारच वेळा का? आणि भडक रंग का? नुसतं वॉरहॉलने केलं म्हणून असेल तर तुझे सर बरोबर आहेत.

बोरीकाठ_अंमळनेर
त्याचे सूपचे डबे पण १९६२ चेच ना सर? ३२ चित्रं, कंपनीचे सूपचे जेवढे प्रकार तेवढी. मला ते बघून आमच्या गावचे वनस्पती तुपाचे डबे आठवतात. आज सगळे विप्रोला कॉम्प्युटरची कंपनी म्हणून ओळखतात पण ती १९४५ ला अंमळनेरला तेल-तुपासाठीच सुरू झाली. रिकामे पत्र्याचे डबे घरोघरी, कोणी त्यात धान्य भरायचं, कोणी तुळस लावायचं. आमच्या गावाने एवढे डबे पाहिले पण ते चित्रात धरावेत असं कोणाला सुचलं नाही याची मला खरंच हळहळ वाटते. पंक्या, सरांना हे पण सांग की रोजची वस्तू चित्रात आली की आपण तिच्याकडे पहिल्यांदा नीट बघतो.

ब्रश_आणि_रॉकेल
मी धुळ्याचा. फ्लेक्स यायच्या आधीचा पेंटर. टॉकीजचे बॅनर रंगवलेत, दुकानांच्या पाट्या, निवडणुकीच्या भिंती, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर हिरो, सगळं केलंय. वरती "हे होर्डिंग आहे" हे ज्या तोऱ्यात म्हटलंय त्यावर मला बोलायचंय.

गुरुवारी रात्री डिस्ट्रिब्यूटरकडून स्टिल यायचे, हाताएवढे फोटो. त्यावर पेन्सिलने चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी कापडावर खडूने मोठ्या करून मारायच्या आणि मग चेहरा उचलायचा. कापड जुनंच, आधीच्या सिनेमावर पांढरा मारून त्यावरच नवीन. हिरोईन गुलाबी, व्हिलनचा अर्धा चेहरा हिरवा, भुताचा पिक्चर असला की निळा-जांभळा. फोटो तर काळा-पांढरा असायचा, मग हे रंग कुठून आले? आम्ही लावले. कोणाला किती मोठा करायचा, कोणाच्या डोळ्यात पाणी चमकवायचं, हे पण आम्हीच ठरवायचो. शाळेतल्या पोरांपासून मोंढ्यातल्या हमालांपर्यंत सगळे बॅनरखाली उभे राहून बोलायचे, यावेळी अमिताभ बरोबर उतरला, यावेळी नाही उतरला. पंक्याचे सर म्हणतात कामाला कोण बघतं, तर आमच्या कामाला अख्खं गाव बघायचं भाऊ. फक्त नाव माहीत नसायचं. कोपऱ्यात अमुक आर्ट्स, धुळे एवढं लिहायचो, ते पण मालक म्हणायचा बारीक लिही.

त्यामुळे माझ्या हिशोबाने होर्डिंग का कला हा वादच नाही. चेहरा ओळखू आला पाहिजे ही पहिली पायरी. ओळखल्यावर माणूस पुढे न जाता थांबला पाहिजे ही दुसरी. दुसरी जमली की झालं. आणि काढणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरात लिहा, पोरांनो. बारीक नाही.

अहिराणी_पोऱ्या
पेंटरकाका, एकदम बरोबर बोलनात. आमना गावमा पन एक पेंटर व्हता, शाळानी भिंतवर बठ्ठा देशभक्त त्यानीच काढेल शेतस. मी काय म्हनस, नाव त लिखाच.

पुण्यातला_धुळेकर
सगळे एका बाजूने बोलताय म्हणून मी विरोधात लिहितो. पेंटरकाकांच्या कामाबद्दल आदर आहे, पण गॅलरीतल्या कलेने सेलिब्रिटी उचलले ते लोकांवरच्या प्रेमापोटी असं मला वाटत नाही. अमेरिकन शिल्पकार जेफ कून्सने १९८८ मध्ये मायकल जॅक्सन आणि त्याचं पाळलेलं चिंपांझी चिनी मातीत सोनेरी करून घडवलं, म्हणजे घडवलं कारागिरांनी, नाव कून्सचं. वॉरहॉलची निळ्या पार्श्वभूमीची एक मेरिलिन २०२२ ला १९.५ कोटी डॉलरला विकली गेली. ज्या बाईच्या चेहऱ्यावर सगळ्यांनी कमावलं तिला जाऊन तेव्हा ६० वर्षं होत आली होती. आपल्याकडे हुसेन बघा, माधुरीची चित्रं काढली, मग २००० मध्ये तिला घेऊन 'गजगामिनी' सिनेमाच केला, आणि कॅमेरे माधुरीइतकेच हुसेनवर. चित्रकार स्वतःच सेलिब्रिटी होतो आणि चित्र मागे पडतं. पंक्या, तुला स्मिता पाटीलबद्दल खरंच काही सांगायचंय का त्या भिंतीसमोर लोकांनी सेल्फी काढाव्यात एवढंच हवंय? हे मी टोचून नाही विचारत, काम सुरू करायच्या आधी ठरवावं लागेल म्हणून विचारतोय.

ड्रॉइंगसर_पाचोरा
हुसेनच्या बाबतीत मला थांबवावं लागेल. पंढरपूरचा हा माणूस मुंबईत येऊन सिनेमाची होर्डिंग रंगवायचा, म्हणजे आपल्या पेंटरकाकांच्याच जातकुळीचा. मोठमोठे चेहरे शिडीवर चढून, भरभर, लांबून दिसतील असे काढायची सवय त्याच्या हाताला तिथे लागली, आणि घोडे बघा त्याचे, ती ठाम जाड रेषा तिथलीच वाटते. त्याने माधुरी उचलली म्हणजे वरून खाली उतरला असं नाही, तो जिथून आला तिथे परत गेला.

आणि हा धागा त्याच्याही मागे जातो. राजा रविवर्म्याने १८९४ ला मुंबईत छापखाना काढला, लक्ष्मी-सरस्वती घराघरात कॅलेंडरवर गेल्या. तो छापखाना पुढे लोणावळ्याजवळ हलला, दादासाहेब फाळक्यांनी तिथे काम केलं, आणि पुढे सिनेमा काढला. सिनेमाने होर्डिंग आणलं आणि होर्डिंगने हुसेन दिला. त्यामुळे आपल्याकडे कला एकीकडे आणि बाजारातलं चित्र दुसरीकडे असं कधी नव्हतंच, निदान शंभर वर्षांत तरी नाही. भूपेन खख्खर कॅलेंडरच्या रंगात न्हाव्याची, घड्याळजीची दुकानं काढायचा आणि लोक नाकं मुरडायचे. लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये २०१६ ला त्याचं मोठं प्रदर्शन झालं. अतुल डोडियाने १९९४ मध्ये स्वतःलाच सिनेमाच्या पोस्टरवरच्या हिरोसारखं रंगवलं, आणि गॉगलच्या काचांत त्याचे आवडते चित्रकार, खख्खर आणि हॉकनी. यात कोणाची नक्कल आहे? तो सरळ सांगतोय की मला पोस्टरने पण घडवलं आणि चित्रकारांनी पण.

मोसमकाठ
मालेगावहून सलाम. (जिल्हा नाशिक म्हणून कोणी हाकलू नका, आमच्या कसमादे, म्हणजे कळवण-सटाणा-मालेगाव-देवळा पट्ट्यात पण अहिराणीच चालते.) या विषयात आमच्या गावाचं उदाहरण नाही आलं तर धागा अपुरा राहील. नासिर शेख यांनी २००० च्या सुमारास 'मालेगाव के शोले' केला, अगदी किरकोळ पैशात, पॉवरलूमवर काम करणारे आणि छोटे दुकानदार घेऊन. फैजा अहमद खान यांची २००८ ची डॉक्युमेंटरी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' जगभर दाखवली गेली, आणि त्याच कहाणीवर रीमा कागती यांचा सिनेमा २०२५ ला थिएटरला आला.

माझं म्हणणं असं, की आमच्या लोकांनी स्टारचा चेहरा लावलाच नाही. स्टारच्या जागेवर स्वतःचा माणूस उभा केला. आमचा सुपरमॅन किडकिडीत, लूमवाला. लोक खूप हसले पण हिणवायला नाही, तो आपला होता म्हणून. आज छोटू दादाच्या व्हिडिओंना यूट्यूबवर कोट्यवधी व्ह्यूज आहेत तो पण इथलाच. गॅलरीत हेच केलं की त्याला कंटेम्पररी आर्ट म्हणतात, आमच्या गल्लीत केलं की टाइमपास म्हणतात. पंक्या, तुझ्या भिंतीवर स्टार असू दे, पण तिच्या शेजारी शिरपूरचा पण कोणी असू दे.

ड्रॉइंगसर_पाचोरा
मोसमकाठ, तुमच्या मुद्द्याला जोडून एक नाव देतो, पुष्पमाला एन., बंगळुरूच्या. १९९६-९८ मध्ये त्यांनी फोटोंची एक मालिका केली, त्यात त्या स्वतःच मुखवटेवाली साहसी नायिका होऊन मुंबईत फिरतात, जुन्या काळ्या-पांढऱ्या स्टंटपटांच्या थाटात. हिरोईनचा फोटो घेण्यापेक्षा स्वतः हिरोईन व्हायचं आणि मग बघणाऱ्याला विचारायचं की बाईला असंच का बघता.

चोपड्याची_लेक
शेवटी कोणीतरी बाईवर आलं. मघापासून मेरिलिन, माधुरी, स्मिता अशा बायकांच्याच चेहऱ्यांबद्दल चाललंय आणि बोलताहेत सगळे दादा लोक.

पंक्यादादा, स्मिता पाटीलचा चेहरा घ्यायचा असेल तर तिचं स्वतःचं याबद्दल काय म्हणणं होतं ते आधी बघ. 'चक्र' या सिनेमात झोपडपट्टीतल्या बाईचं उघड्यावर आंघोळ करण्याचं दृश्य आहे, ती बाई तशीच जगते म्हणून आहे. पण पोस्टरवर तेच लावलं गेलं, प्रेक्षक खेचायला. स्मिताने मुलाखतीत त्यावर स्पष्ट नाराजी सांगितली आहे, ती क्लिप अजून फिरते नेटवर. म्हणजे जिने आपलं पोस्टर होण्याला विरोध केला तिचंच तू दोन मजली पोस्टर करणार आहेस. करू नको असं मी म्हणत नाही, कर, पण ही गोष्ट माहीत असून कर.

आणि कुठली स्मिता? दूरदर्शनवर मराठी बातम्या द्यायची ती? 'जैत रे जैत'मधली? 'उंबरठा'मधली, घर सोडून नोकरीला जाणारी? 'भूमिका' तर हंसा वाडकरांवरच आहे, म्हणजे एका नटीची प्रसिद्धी तिच्या आयुष्याचं काय करते यावर दुसऱ्या नटीने केलेलं काम, आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार. माझ्या आईने 'उंबरठा' पाहिल्यावर माझ्या मोठ्या बहिणीला पुढे शिकवायचं ठरवलं होतं, आमच्या घरात ही गोष्ट अजून सांगतात. १९८६ च्या डिसेंबरात ती गेली तेव्हा ३१ वर्षांची होती. भडक गुलाबी आणि पोपटी रंगात तिचं मला काहीच दिसत नाही, राग नको मानू. तिचा रंग सावळा होता आणि त्या काळात हिरोईन सावळी असणं हीच मोठी गोष्ट होती. तोच तू झाकणार?

तापीकाठचा_पंक्या
ताई, राग कसला. तुमची पोस्ट मी ग्रुपमध्ये मोठ्याने वाचून दाखवली. सावळ्या रंगाचं आमच्यातल्या दोन मुलींनी पण म्हटलं होतं. विचार चालू आहे, अजून लिहा सगळे.

ॲडव्होकेट_जळगाव
कायद्याची बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहिते.

पहिली गोष्ट, स्मिता पाटील यांचं नाव आणि चेहरा. अमिताभ बच्चन (२०२२) आणि अनिल कपूर (२०२३) यांच्या प्रकरणात दिल्ली हायकोर्टाने नाव, आवाज, चेहरा परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरायला मनाई केली. पण टीका, विडंबन, बातमी यांना जागा ठेवली. गेलेल्या व्यक्तीबाबत सुशांतसिंह राजपूतच्या वडिलांच्या अर्जावर जुलै २०२३ मध्ये त्याच कोर्टाने म्हटलं की असे हक्क माणसाबरोबर संपतात, वारसाला मिळत नाहीत. तुम्ही काही विकत नाही, जाहिरात करत नाही, त्यामुळे इथे फार भीती नाही. तरी घरच्यांना कळवणं ही आपली रीत आहे, ती पाळा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आणि ती कोणाच्याच लक्षात येत नाही. फोटो. तुम्ही नेटवरून एखादा सुंदर फोटो उचलणार आणि त्यावरून काढणार. तो फोटो कोणीतरी काढलेला आहे, आणि आपल्या कायद्यात फोटोवरचा हक्क काढणारा जिवंत असेपर्यंत आणि तो गेल्यावर पुढे ६० वर्षं असतो. म्हणजे ७०-८० च्या दशकातले सगळे फोटो अजून हक्काखाली आहेत. वॉरहॉलचंच उदाहरण घ्या. लिन गोल्डस्मिथ या फोटोग्राफरने १९८१ ला गायक प्रिन्सचा फोटो काढला. १९८४ ला एका मासिकाने ४०० डॉलर देऊन तो एकदाच वापरायला घेतला, वॉरहॉलने त्यावरून चित्र केलं. पण त्याने एकावर न थांबता १६ केली. प्रिन्स २०१६ ला वारला तेव्हा त्यातलं केशरी चित्र मासिकाच्या मुखपृष्ठावर आलं, वॉरहॉल फाउंडेशनला १० हजार डॉलरच्या वर मिळाले आणि गोल्डस्मिथबाईंना काहीच नाही, नाव पण नाही. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ मतांनी त्या वापरापुरता बाईंच्या बाजूने निकाल दिला. तो निकाल इथे लागू नाही, पण मुद्दा तोच आहे.

रावेरच्या दादांचा फळवाला, पेंटरकाकांचं कोपऱ्यातलं बारीक नाव, आणि हा फोटो, मला तरी ही एकच तक्रार दिसते. मोठ्या नावाच्या आत कोणाचं तरी काम असतं आणि ते मोजलं जात नाही.

केळीवाला_रावेर
वकीलताई, हे तुम्ही एकदम माझ्या मनातलं मांडलं. ५० कोटीचं मला अजून पटलेलं नाही आणि पटणार पण नाही, पण ड्रॉइंगसर म्हणतात ते कळलं की तो माणूस काय दाखवत होता. दाखवून झाल्यावर त्या फळवाल्याला वाटा दिला असता तर मी पण टाळ्या वाजवल्या असत्या. घेणाऱ्याने नंतर जाहीर केलं म्हणे की त्याच गाडीवरून एक लाख केळी घेतो. आमच्याकडून घ्या म्हणा, ट्रक भरून पाठवतो.

नंदुरबारी_मिरची
थोडं अवांतर. सेलिब्रिटी म्हटलं की सारंगखेड्याची जत्रा आठवते. दत्तजयंतीला घोडाबाजार भरतो तेव्हा एकेका घोड्याची किंमत पेपरात येते आणि लोक घोड्यासोबत फोटो काढायला लाइन लावतात. त्यांची चित्रं कोणी काढत नाही. हुसेन असता तर तिथेच मुक्काम टाकला असता.

बोरीकाठ_अंमळनेर
अवांतरच चाललंय तर बालगंधर्व घ्या ना. शंभर वर्षांपूर्वी बायका त्यांच्या नेसण्याची, दागिन्यांची नक्कल करायच्या आणि पुरुष गंधर्व टोपी घालायचे. इन्फ्लुएन्सर हा शब्द नव्हता एवढंच.

चाळीसगाव_जंक्शन
मंडळी, एवढी चर्चा झाली आणि केकी मूस यांचं नाव नाही! आमचे कलामहर्षी. मुंबईत जन्मलेला पारशी माणूस (१९१२), जगभर फोटोग्राफीची बक्षिसं, आणि सगळं आयुष्य चाळीसगाव स्टेशनजवळच्या बंगल्यात, घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत. टेबलावर कापूस, माती, काटक्या, छोट्या वस्तू मांडून असा फोटो काढायचे की बघणाऱ्याला वाटावं बर्फाचा डोंगर आहे. १९८९ ला वारले, त्यांचं काम तिथेच जपून ठेवलंय. ज्यांना वाटतं मोठं व्हायला प्रसिद्धीच्या मागे जावं लागतं त्यांनी एकदा येऊन बघावं. पंक्या, ग्रुप घेऊन ये, चाळीसगावला बऱ्याच गाड्या थांबतात.

पुण्यातला_धुळेकर
मूस यांचं नाव काढलंत, बरं वाटलं. माझा मुद्दा हाच होता. मी शाळेत असताना ते काम पाहिलंय आणि ते कोणी काढलं, ते किती फेमस, हे डोक्यात सुद्धा आलं नव्हतं, फक्त बघत राहिलो. भिंतीवरचं चित्र असं झालं पाहिजे की स्मिता पाटील कोण हे माहीत नसलेला माणूस पण थांबेल. पंक्या स्वतःच म्हणाला की पोरांना ती माहीतच नाही. म्हणजे त्यांच्यासाठी ती सेलिब्रिटी नाहीच, एक अनोळखी बाई आहे.

ब्रश_आणि_रॉकेल
हे धुळेकरने चांगलं पकडलं. अनोळखी बाई म्हणूनच काढा. नाव नंतर वाचतील.

ड्रॉइंगसर_पाचोरा
आणि पंक्या, तुझ्या सरांना उत्तर द्यायचंच असेल तर असं दे, की होर्डिंगवरच्या चेहऱ्याचं काम शुक्रवारी तिकीट विकलं की संपतं. तुझ्या भिंतीला विकायला काही नाही. तोच चेहरा, तेच रंग, पण विकायचं काढून घेतलं की बघणारा वेगळं बघतो. वॉरहॉलच्या डब्यात सूप नव्हतं. पण हे खरं व्हायला तुला त्या भिंतीवर कोणाची जाहिरात येऊ द्यायची नाही, कितीही मदत देऊ केली तरी. वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स शेजारी लागला की गेलं सगळं.

अहिराणी_पोऱ्या
फ्लेक्स त लागीच सर, निवडणूक ई राहिनी 😄

तापीकाठचा_पंक्या
सगळ्यांचं वाचलं, काही पोस्ट दोनदा वाचल्या. काल ग्रुप बसला, सांगतो काय ठरलं ते. चार चेहरेच ठेवतोय पण एकच चेहरा चार वेळा नाही. चार वयाच्या, चार कामातल्या स्मिता, पहिली बातम्या देणारी. गुलाबी-पोपटी बाद. मातीचे रंग, गेरू, काळा, आणि एक निळा. एका फोटोवरून न काढता बरेच फोटो आणि सिनेमे बघून आम्ही स्वतः रेखाटनं करणार, दोघी मुली सुरूपण करून बसल्यात. खालच्या पट्ट्यात मोसमकाठ म्हणतात तसं शिरपूरच्या बायका, बाजारात बसणाऱ्या, सूतगिरणीत जाणाऱ्या, ज्या हो म्हणतील त्यांना विचारून. एकाला हे सगळं फार गंभीर वाटतंय, त्याला अजून चार रंगच हवेत, त्याच्याशी भांडण चालू आहे. सरांना परत दाखवलं नाहीये, रेखाटनं झाल्यावर जाणार.

पेंटरकाका, दोन मजल्यावर चेहरा उचलायचा आम्हाला अंदाज नाही. प्रोजेक्टर लावावा का चौकटी आखाव्या? आणि पावसाळ्याआधी होईल का?

ब्रश_आणि_रॉकेल
चौकटी. प्रोजेक्टरने रेष येते पण हात शिकत नाही. दोरीला खडूची पूड लावून फटका मारायचा, सरळ रेषा उमटते, मी येऊन दाखवतो, शिरपूर कितीसं लांब आहे. पावसाळ्याआधी अजिबात नको. मे महिन्यात आपल्याकडे ४४-४५ डिग्रीला भिंत तापते, रंग ब्रशमध्येच वाळतो आणि मग पापुद्रे निघतात. दसऱ्यानंतर घ्या. परांची भाड्याने मिळते, बांबूची नको, लोखंडी बघा. भिंत कुठल्या तोंडाची आहे? आणि खाली लोणा लागलाय का?

तापीकाठचा_पंक्या
पूर्वेकडे तोंड आहे काका. खाली लोणा आहे, गुडघ्यापर्यंत पापुद्रे निघालेत. वरच्या मजल्यावरून एक पाइप येतो तो झिरपतो बहुतेक.

ब्रश_आणि_रॉकेल
मग मालकाला सांगून आधी तो पाइप दुरुस्त करून घ्या. भिंत पूर्ण सुकू द्या, पापुद्रे तारेच्या ब्रशने खरवडा, मग बाहेरच्या भिंतीचा प्रायमर. रंगाची यादी मला पाठव, दुकानात सोबत जाऊ.